हातात धरायचा सॅटेलाइट यागी: वर्षभर वापरून झाला, आता लिहितोय

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतले लोक मोकळे: अँटेना चांगला आहे, घ्या, फक्त सोबत येणारा ॲडॉप्टर पहिल्याच दिवशी फेकून द्या. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. विकणाऱ्याच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय "थेट अंतराळवीरांशी बोला", आणि ते खोटं नाहीये, पण पोहायचा गॉगल विकताना "समुद्र पार करा" लिहिण्यातलाच प्रकार आहे तो. पोहायचं तुम्हालाच आहे.

वस्तू काय आहे तर दोन बँडचा, म्हणजे दोन वारंवारता-पट्ट्यांचा यागी: दांड्यावर ओळीने काड्या बसवलेला, एकाच दिशेला रोखायचा अँटेना. मीटरभर लांबीचा बूम (तो दांडा), त्यावर दोन मीटर बँडचे (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) तीन लांब एलिमेंट (त्या काड्या), साधारण मीटर मीटरचे, आणि त्यांना काटकोनात सत्तर सेंटिमीटर बँडचे (४३७ च्या आसपासचा) सात छोटे. मुठीच्या आत डायप्लेक्सर आहे त्यामुळे दोन्ही बँडसाठी रेडिओकडे एकच केबल जाते. सगळं स्क्रूने सुटतं, बूमचे दोन तुकडे होतात. वजन सुरुवातीला काहीच वाटत नाही, आठव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं. खाली ट्रायपॉडसाठी आटे दिलेत, पण मी ट्रायपॉड एकदाच वापरला, का ते पुढे येईल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण याच नमुन्याचे अँटेना बरेच जण बनवतात आणि माझ्याकडे निघालेला दोष कदाचित माझ्याच पीसचा असेल, उगाच कुणाचं नाव कशाला खराब करा.

हे घेतलं कशासाठी ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. एका दुपारी नुसत्या हँडीवर, म्हणजे वॉकीटॉकीसारख्या हातातल्या रेडिओवर, तिच्यासोबत आलेल्या रबरी अँटेनावर, १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून बसलो होतो, कारण त्या वेळी एका शाळेचा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाशी संपर्क ठरलेला होता. अरिस म्हणून जगभरातल्या हौशी रेडिओवाल्यांची संस्था आहे, ती हे शाळांचे कार्यक्रम जुळवते, पहिला २००० च्या डिसेंबरात झाला, म्हणजे स्थानकावर पहिले तिघे राहायला गेले त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. शाळेतली पोरं प्रश्न विचारतात, वरून उत्तर येतं, प्रत्येकाने बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं. शाळा माझ्यापासून लांब होती त्यामुळे पोरांचा आवाज मला येणं शक्यच नव्हतं, मला नुसती उत्तरं ऐकू येत होती. अधेमधे शांतता आणि मग एकदम स्पष्ट आवाजात कुणीतरी समजावतंय की झोपायची पिशवी भिंतीला बांधतात नाहीतर तरंगत कुठेही जाऊन आपटाल. प्रश्न आपणच ओळखायचा. मुलगी शेजारी बसून प्रश्न ओळखत होती आणि माझ्यापेक्षा तिचे जास्त बरोबर येत होते. त्याच रात्री अँटेनाची ऑर्डर टाकली.

आणि इथेच पहिली चूक समजली. शाळांचा तो डाउनलिंक, म्हणजे वरून खाली येणारा सिग्नल, १४५.८०० वर असतो आणि तो इतका दणदणीत येतो की त्याच्यासाठी यागी लागतच नाही. यागी लागतो तो रिपीटरला, म्हणजे आपलं बोलणं झेलून परत खाली पाठवणाऱ्या यंत्राला. २०२० च्या सप्टेंबरपासून स्थानकाच्या कोलंबस मॉड्यूलमध्ये क्रॉसबँड रिपीटर चालू आहे, आपण १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारा खालचा सूर) लावून बोलायचं आणि वरून ते ४३७.८०० वर परत खाली येतं. टोन फक्त ट्रान्समिटला, रिसीव्हला लावलात तर काहीच ऐकू येणार नाही आणि तुम्ही अँटेनाला शिव्या घालत बसाल, मी दोन पास (स्थानक एकदा आकाशातून जाणं म्हणजे एक पास) घातल्या आहेत. ४३७.८०० रबरी अँटेनावर येतं पण चुरचुर, तुटक, एखादं अक्षर. यागी लावल्यावर तोच आवाज असा उघडतो की पहिल्यांदा मी स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) बिघडलाय का बघितलं.

आता प्रत्यक्ष पास कसा असतो ते. स्थानक सव्वाचारशे किलोमीटरच्या आत-बाहेर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटं. उगवतं तेव्हा ते तुमच्यापासून तेवीसशे किलोमीटरच्या आसपास असतं, डोक्यावर आलं की चारशेवर. म्हणजे एकाच पासमध्ये सिग्नलची ताकद तीसपट बदलते नुसत्या अंतरामुळे. पहिली दोन मिनिटं त्यामुळे घाई करायची नाही, ऐकायचं. मी गच्चीच्या कठड्यावर जिथून स्थानक उगवणार तिथे खडूने खूण करतो आणि मावळणार तिथे दुसरी, मध्ये हात फिरवत न्यायचा. शेजारच्या मुलाने विचारलं "काका, टीव्हीची रेंज शोधताय का", म्हटलं हो.

हात नुसता फिरवून चालत नाही, मनगट पिळावंही लागतं, आणि ट्रायपॉड याच्यासाठीच नको. स्थानकाचा अँटेना तुमच्या तुलनेत सतत कोन बदलत असतो, शिवाय वाटेतला आयनोस्फिअर लहरीचं ध्रुवीकरण फिरवतो, त्यामुळे आत्ता आडवा धरलेला यागी छान ऐकतोय आणि अर्ध्या मिनिटाने तोच सिग्नल खड्ड्यात. घड्याळाचा काटा फिरवावा तसा बूमच्या अक्षाभोवती पाव फेरा फिरवला की परत वर येतो. हे एकदा हाताला समजलं की डोळे मिटून होतं. या अँटेनाची मूठ गोल आहे, चौकोनी नाही, हे बनवणाऱ्याने फार विचार करून केलंय असं माझं मत.

डॉपलरचं, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे वारंवारता सरकते त्याचं, सांगतो पटकन. ४३७.८०० वर येताना वारंवारता दहा किलोहर्ट्झच्या आसपास वर असते आणि जाताना तितकीच खाली. पाच मेमरी भरून ठेवा: ४३७.८१०, ८०५, ८००, ७९५, ७९०, आणि आवाज फाटायला लागला की एक घर खाली. अपलिंकला, म्हणजे आपल्याकडून वर जाणाऱ्या सिग्नलला, दोन मीटरवर हा फरक तीन-साडेतीन किलोहर्ट्झ, एफएमला चालून जातो, तिकडे हात लावायचा नाही. पाचही मेमरीत अपलिंक तेच १४५.९९० आणि टोन ६७. यात हुशारी काही नाही, पण पासच्या मधोमध मेनूत शिरून हे करायला गेलात तर पास गेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं जे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोलताना स्वतःचा आवाज वरून परत येतोय का ते ऐकता आलं पाहिजे, याला फुल डुप्लेक्स म्हणतात, आणि नेहमीच्या हँडीवर "ड्युअल बँड, ड्युअल वॉच" असं लिहिलेलं असतं ते म्हणजे हे नव्हे. ती हँडी बोलताना बहिरी असते. मग उपाय दोन रेडिओ, एक बोलायला आणि एक ऐकायला. या अँटेनात डायप्लेक्सर बाजूला ठेवून दोन बँडच्या दोन केबली वेगळ्या काढता येतात, ही मोठी सोय आहे. ऐकणाऱ्या रेडिओला इअरफोन लावा नाहीतर तुमचाच आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते.

पण दोन रेडिओ लावल्यावर नवीनच भानगड. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबला की ऐकणारा रेडिओ मुका. सोडला की बोलायला लागतो. आठवडाभर मी केबल बदलल्या, बॅटरी बदलली, एकदा तर दुसरी हँडी उसनी आणली. शेवटी आमच्यातले एक जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहेत, त्यांना सगळे सरच म्हणतात, त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "१४५.९९० ला तीनने गुण." गुणलं. ४३७.९७०. म्हणजे मी जिथे ऐकतोय त्याच्यापासून जेमतेम १७० किलोहर्ट्झवर माझ्याच ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेवर गळणारा नकोसा सिग्नल) येऊन बसतोय, तोही हातभर अंतरावरून, आणि शेकडो किलोमीटरवरून येणारा बिचारा सिग्नल त्याच्यापुढे कुठे टिकणार. स्वस्त हँडींचं फिल्टरिंग यथातथाच असतं. बोलणाऱ्या हँडीच्या पुढे छोटा लो पास फिल्टर, म्हणजे वरच्या वारंवारता अडवणारा, लावला आणि पुढच्याच पासला माझा स्वतःचा आवाज मला अवकाश स्थानकावरून ऐकू आला. आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये किती बेकार वाटतो माहितीये ना, तसाच वाटतो, पण मी तो पूर्ण पास नुसतं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं माझं रेडिओनाव, म्हणत आणि ऐकत काढला, कुणाशी काही बोललो नाही. बायको वर येऊन विचारून गेली की काय झालं, हसताय का.

रिपीटरवरची गर्दी हा वेगळा विषय. स्थानकाला एका वेळी साधारण साडेचार हजार किलोमीटर व्यासाचा प्रदेश दिसतो, तेवढ्या सगळ्यांसाठी एकच चॅनल, एफएम, म्हणजे ज्याचा सिग्नल तगडा तो ऐकू येतो बाकीचे दाबले जातात. पाच वॉटवर व्यवस्थित काम होतं, माझे सगळे संपर्क पाच वॉटचे आहेत, तरी काही जण गाडीतल्या रेडिओची पन्नास वॉट आणि छतावरचा मोठा अँटेना घेऊन येतात आणि ऐकत काहीच नाहीत, नुसते हाका मारतात. कॉलसाइन, ग्रिड (नकाशावरचा आपला चौकोन), सिग्नल ठीक, धन्यवाद, एवढ्यात आटपायचं असतं, आठ सेकंदांचं काम. काही महाभाग तर शाळेचा संपर्क चालू असताना डाउनलिंकवरच म्हणजे १४५.८०० वर ट्रान्समिट करतात, ते वर कुणालाच जात नाही, फक्त आजूबाजूच्या ऐकणाऱ्यांचा कार्यक्रम बिघडतो. अँटेनाच्या रिव्ह्यूत हे का लिहितोय तर नवीन अँटेना घेऊन उत्साहात हे करणारे तुम्ही नसावेत म्हणून. शाळेचा कार्यक्रम असेल, स्पेसवॉक असेल, एखादं यान जोडलं जात असेल तेव्हा रिपीटर बंद ठेवतात, तेव्हा काही ऐकू आलं नाही म्हणून अँटेना उघडून बसू नका, आधी वेळापत्रक बघा.

बरं, अंतराळवीर. रिपीटर म्हणजे अंतराळवीर नव्हे, हे पानावर बारीक अक्षरातही लिहिलेलं नाही. रिपीटरवर तुम्ही बोलता ते तुमच्यासारख्याच दुसऱ्या गच्चीवरच्या माणसाशी. वरचा माणूस माइक हातात घेतो तो त्याची मर्जी आणि त्याचा मोकळा वेळ. स्थानकाचं घड्याळ जीएमटीवर चालतं, साधारण सकाळी सहाला उठतात आणि रात्री साडेनऊला झोपतात, मधला वेळ कामाने भरलेला, म्हणजे बोलण्याची शक्यता त्यांच्या सकाळी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. तुमच्याकडे कितीही झकास सत्तर अंशांचा (क्षितिजापासून तेवढा वर येणारा) पास असेल पण जीएमटी रात्रीचे दोन वाजले असतील तर वर सगळे झोपलेत. हे साधं गणित मी चार महिने केलं नव्हतं. काही अंतराळवीर बोलके असतात, डग व्हीलॉकने २०१० मध्ये भरपूर संपर्क केले, चेल लिंडग्रेनने २०२२ मध्ये मोकळ्या वेळात जगभरच्या हॅमशी गप्पा मारल्या, सुनीता विल्यम्सचंही स्वतःचं कॉलसाइन आहे, केडी५पीएलबी. काहींना मात्र यात रस नसतो आणि तेही ठीकच आहे, सुट्टीच्या दिवशी कुणालाही अनोळखी माणसांच्या हाका नको वाटतील.

हे सगळं सुरू झालं १९८३ मध्ये. कोलंबिया शटलच्या एसटीएस-९ मोहिमेत ओवेन गॅरियट साधीशी हँडी घेऊन गेला, अँटेना शटलच्या खिडकीत लावला आणि डब्ल्यू५एलएफएल या कॉलसाइनने पृथ्वीवरच्या लोकांशी बोलला, अवकाशातून हौशी रेडिओवर बोललेला पहिला माणूस. त्याला उत्तर देणाऱ्यांत जॉर्डनचे राजे हुसेन पण होते, जेवाय१. म्हणजे राजालासुद्धा तिथे आपल्यासारखंच हाक मारून नंबर लावावा लागला. २००८ मध्ये गॅरियटचा मुलगा रिचर्ड स्वतःच्या खर्चाने स्थानकावर गेला आणि त्यानेही तिथून हॅम रेडिओवर संपर्क केले. हे मी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला फक्त गच्चीवर नेता."

आता तो ॲडॉप्टर. अँटेनाच्या केबलचा जोड बीएनसी प्रकारचा आहे आणि हँडीला एसएमए प्रकारचा लागतो म्हणून सोबत एक छोटा ॲडॉप्टर येतो. एका रविवारी सत्तेचाळीस अंशांचा पास, तिसऱ्या मिनिटाला नेहमीच्या गदारोळात एकदम वेगळाच आवाज, निवांत, कसलीही घाई नसलेला: नोव्हेंबर अल्फा वन सिएरा सिएरा, म्हणजे एनए१एसएस, स्थानकाचं स्वतःचं कॉलसाइन. त्यावर जी झुंबड उडाली ती लिहिता येणार नाही. मी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा दाबला गेलो. तिसऱ्यांदा थांबलो, सगळे ओरडून दमतात तेव्हा अर्ध्या सेकंदाची फट असते, तिच्यात घुसलो, आणि इअरफोनमध्ये माझीच शेवटची तीन अक्षरं त्या निवांत आवाजात परत आली, पुढे "अगेन?"

पीटीटी दाबला, पूर्ण कॉलसाइन सांगितलं. इअरफोनमध्ये माझा आवाज नाही. लाल दिवा लागलाय, बॅटरी भरलेली आहे, माझा आवाज नाही. परत सांगितलं. वरून तोच आवाज, तीच तीन अक्षरं, पुन्हा प्रश्नार्थक. मग दुसरंच कुणीतरी आलं आणि त्याला उत्तर मिळालं, आणि मग अजून एकाला, आणि मग स्थानक पूर्वेला झाडांच्या मागे मावळलं. मनगट पिळताना केबलला ताण बसून ॲडॉप्टर अर्धा फेरा सैल झाला होता, आतली पिन टेकतच नव्हती. सगळी पाच वॉट हँडीच्या पोटात परत. दोन रेडिओ नसते तर मला कळलंही नसतं, मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं की बोललो. लॉगमध्ये ती नोंद केलेली नाही, संपर्क दोन्हीकडून पूर्ण झाला तरच तो संपर्क. वेळ मात्र लिहून ठेवलीये, शेवटच्या पानावर, पेन्सिलने.

तेव्हा ॲडॉप्टर टाकून एका टोकाला बीएनसी आणि दुसऱ्या टोकाला थेट एसएमए अशी बारीक लवचिक केबल करून घ्या, हाताएवढी, आणि ती हँडीच्या पट्ट्याला बांधा म्हणजे ताण कनेक्टरवर येणार नाही. विकणाऱ्याला मी लिहिलं होतं, त्यांनी दुसरा ॲडॉप्टर पाठवला, अगदी तसाच. त्या प्रामाणिकपणाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

बाकी टिकाऊपणा उत्तम. दोनदा हातातून पडला, एक छोटा एलिमेंट वाकला, हाताने सरळ केला, फरक पडला नाही. आटे वर्षभर उघडझाप करून अजून घट्ट आहेत. एलिमेंटच्या टोकांना रबरी टोप्या मात्र स्वतः लावा, अंधारात मागून येणाऱ्याच्या डोळ्यांच्याच उंचीवर येतात ती. इतर उपग्रहांनाही हाच चालतो, एसओ-५० हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकायला स्थानकापेक्षा अशक्त आहे पण या अँटेनावर छान निघतो. स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० वर एसएसटीव्हीची, म्हणजे आवाजाच्या सिग्नलमधून ओळीओळीने येणारी, चित्रं पाठवतात, त्यालाही लावून बघितला, चित्र थोडं स्वच्छ येतं, पण एका चित्राला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ मध्ये मनगट चुकलं की चित्रात आडवा पट्टा, तेव्हा ते काम साध्या उभ्या अँटेनावर सोडा.

कुणी घेऊ नये? ज्यांना फक्त ऐकायचंय त्यांनी. परवाना अजून काढलेला नाही त्यांनीही थांबा, बोलायला परवाना आणि कॉलसाइन हवंच, आणि तोपर्यंत स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे आणि पीव्हीसीच्या पाइपचा यागी घरी बनवा, एका दिवसाचं काम आहे, आणि पास कसा पकडायचा ते त्याच्यावर शिकून होतं. महागडा रेडिओ घेऊन रबरी अँटेनावर बसण्यापेक्षा स्वस्त हँडी आणि हा यागी केव्हाही बरा. ट्रॅकिंगला मी जीप्रेडिक्ट वापरतो, दर दोन-तीन दिवसांनी कक्षेचा डेटा ताजा करून घ्या, स्थानकाची कक्षा मधूनमधून वर ढकलतात आणि मग जुन्या डेटावर तुम्ही रिकाम्या आकाशाकडे अँटेना धरून उभे असता.

पाचात चार स्टार. एक ॲडॉप्टरचा कापला. हां, आणि सोबत पिशवी येत नाही, मी योगा मॅटच्या जुन्या पिशवीत ठेवतो, बरोब्बर बसतो, लांबवाले तीन एलिमेंट वरून जरा डोकावतात तेवढंच.